चार बाद बत्तीस

6 फेब्रुवारी 2024, मंगळवार. मगरिबची वेळ जवळ आली होती. दक्षिण आफ्रिकेतील बेनोनी येथे 19 वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू होता. आमच्या चिंचवडच्या घरात मात्र टीव्हीसमोर शांतता पसरली होती. भारताला जिंकण्यासाठी 245 धावा हव्या होत्या आणि बाराव्या षटकातच धावफलक 4 बाद 32 असा दिसत होता. "संपलं," असे म्हणून आम्ही टीव्ही बंद केला आणि नमाजला उठलो. परत येऊन पाहतो तो टीव्ही पुन्हा चालू. आठवीतला आमचा मुलगा मान वर न करताच म्हणाला, "अब्बा, अजून सहा जण आहेत ना!"

पुढचे दोन-अडीच तास आम्ही तिथून हललो नाही. त्या सामन्यात असे काय घडले, ते आज घरातल्या मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी सांगावेसे वाटते.

आधी यजमान दक्षिण आफ्रिकेने 50 षटकांत 7 बाद 244 धावा केल्या. सलामीचा प्रिटोरियस 76 धावांवर खेळत होता आणि सामना हातातून निसटतो की काय, असे वाटत होते. तेव्हा मुंबईच्या मुशीर खानच्या चेंडूवर मुरुगन अभिषेकने एका हाताने झेल घेतला आणि प्रिटोरियस माघारी गेला. मुशीरने 10 षटकांत 43 धावा देऊन 2 बळी घेतले. राज लिंबानीने 3 गडी टिपले.

भारताच्या डावाचा तर पहिलाच चेंडू घातक ठरला. डावखुऱ्या क्वेना मफाकाने आदर्श सिंगला शून्यावर परत पाठवले. त्याच स्पर्धेत दोन शतके ठोकणारा मुशीर या दिवशी 4 धावांवर बाद झाला. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी 12 धावा करून परतला आणि त्याच्यामागून प्रियांशू मोलियाही गेला. आता कर्णधार उदय सहारन एका टोकाला होता. त्याच्या सोबतीला आला बीडचा सचिन धस. चारच दिवसांपूर्वी त्याने नेपाळविरुद्ध शतक काढले होते आणि तीन दिवसांपूर्वी त्याला 19 वर्षे पूर्ण झाली होती.

आमच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मराठवाड्यातून आलेली कुटुंबे गल्लोगल्ली आहेत. कोणी कारखान्यात पाळीवर, कोणी गोदामात, कोणी स्वतःचा टेम्पो चालवतो. बीडचे नाव निघाले की इथे आधी दुष्काळ आणि ऊसतोड आठवते. त्या संध्याकाळी बीड म्हटले की फक्त सचिन होता. शेजारचे मूळ गेवराईचे चाचा चहाचा कप हातात घेऊनच आमच्याकडे येऊन बसले.

दोघांनी काय केले? लक्ष्याकडे पाहून घाईने बॅट फिरवली नाही. सहारनने एक टोक धरून ठेवले. चेंडू सोडायचा तो सोडला, एकेरी धाव मिळाली ती घेतली. सचिनने मात्र सैल चेंडू दिसला की त्याला सीमारेषा दाखवली. एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने पुढे जायचे, अशी कामाची वाटणी झाली. धावा वाढत गेल्या. पाचव्या जोडीने 171 धावा जोडल्या. सचिनच्या 96 धावा 95 चेंडूंत आल्या, त्यांत 11 चौकार आणि 1 षटकार होता. शतकाला 4 धावा हव्या असताना मफाकाने त्याला बाद केले. धावफलक 5 बाद 203.

आता 47 चेंडूंत 42 धावा. वाटले, जमले. पण मागोमाग आणखी दोन गडी गेले, त्यातला एक धावबाद. चाचांचा चहा कधीच गार झाला होता. आठव्या जोडीला राज लिंबानी आला आणि त्याने येताच षटकार खेचला. खोलीत एकच गलका झाला. धावसंख्या बरोबरीत आली, एकच धाव हवी, आणि ती घेताना सहारन धावबाद! 124 चेंडू उभे राहून 81 धावा करणारा कर्णधार विजयापासून एक पाऊल अलीकडे माघारी फिरला. पण लिंबानीने चौकार मारला आणि 7 चेंडू व 2 गडी राखून भारत अंतिम फेरीत पोहोचला.

सामना तिथे संपला, तरी सचिनची ती खेळी बीडमध्ये फार आधी सुरू झाली होती. त्याचे वडील आरोग्य खात्यात, आई पोलीस खात्यात. आई स्वतः कबड्डीपटू. तेंडुलकरच्या चाहत्या वडिलांनी मुलाचे नावच सचिन ठेवले. पण बीडमध्ये पूर्ण लांबीची टर्फ खेळपट्टी कुठली? अर्ध्या खेळपट्टीवर सराव चाले आणि ती ओली ठेवायला पाण्याचा टँकर आणावा लागे. अशा ठिकाणी त्याला घडवणाऱ्या प्रशिक्षकाचे नाव शेख अझहर. गावातला एक माणूस वर्षानुवर्षे मुलांच्या मागे उभा राहिला, म्हणून जगाच्या मैदानावर 96 धावा झाल्या.

मुशीरच्या घरातही अशीच मेहनत आहे. वडील नौशाद खान यांनी आपल्या मुलांना मुंबईच्या मैदानांवर स्वतः शिकवले. या सामन्यानंतर नवव्याच दिवशी, 15 फेब्रुवारीला, थोरला सरफराज राजकोटला भारताकडून पहिली कसोटी खेळला. मुलाच्या हातातली टोपी पाहून मैदानातच नौशाद यांचे डोळे भरून आले. घरगुती क्रिकेटमध्ये ढीगभर धावा करूनही सरफराजला या दिवसासाठी अनेक वर्षे थांबावे लागले होते. सब्र हा शब्द आपण मुलांना सहज ऐकवतो. या बापलेकांनी तो जगून दाखवला. महिनाअखेरीस धाकट्या मुशीरनेही रणजीच्या उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध नाबाद 203 धावा केल्या. उपांत्य सामन्यातल्या त्याच्या 4 धावा तोवर कोणाच्या लक्षातही नव्हत्या.

11 फेब्रुवारीला अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला 79 धावांनी हरवले. सचिन 9 धावांवर बाद झाला. त्या दिवशी भारताकडून सर्वाधिक 47 धावा कोणी केल्या? उपांत्य सामन्यात पहिल्या चेंडूवर बाद झालेल्या आदर्शने. शून्यावर बाद झालेले पोर पाच दिवसांनी पुन्हा पहिला चेंडू खेळायला उतरले, ही गोष्ट आम्हाला चषकाएवढीच मोठी वाटते.

आपल्या भागात सोयी अजिबात नाहीत असे नाही. थेरगावला महापालिकेच्या मैदानावर दिलीप वेंगसरकरांची अकादमी आहे. जुन्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड तिथेच घडला. शहर ओलांडले की गहुंजेचे मोठे स्टेडियम दिसते. पण प्रत्येक मूल तिथे पोहोचणार नाही आणि प्रत्येकाने पोहोचलेच पाहिजे असेही नाही. सराव हवा, वेळेवर झोप हवी, अभ्यासाची बूज राखायला हवी. आणि मूल हरून घरी आले की आई-वडिलांनी काय बोलायचे, याचाही विचार हवा. आम्हीच त्या संध्याकाळी बत्तीस धावांवर टीव्ही बंद केला होता. परीक्षेत कमी गुण पडले, संघात निवड झाली नाही, की आपल्या तोंडून पहिला शब्द तोच निघतो: "संपलं." मुले तो ऐकतात आणि खरा मानतात.

गुरुवारी आमच्याकडच्या अनेक कारखान्यांना सुट्टी असते. परवा गुरुवारी कामगार वस्तीमागच्या मोकळ्या जागेत मोठे आणि मुले मिळून क्रिकेट खेळत होते. आमचा मुलगा पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला आणि बॅट टेकवत आमच्याजवळ येऊन बसला. आम्ही काही बोललो नाही. पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारले, "दुसरा डाव केव्हा आहे?"