दाब दाखवणारा रंग

विमानाच्या पंखावर हवेचा दाब कोठे किती पडतो हे मोजण्यासाठी वातविवरात, म्हणजे वेगाने हवा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात, ठेवायच्या प्रतिकृतीला पूर्वापार असंख्य बारीक छिद्रे पाडून प्रत्येकातून एक नळी दाबमापकापर्यंत नेली जात असे. ही पद्धत अचूक असली तरी खर्चिक आहे, आणि दोन छिद्रांमधल्या जागेविषयी ती काहीच सांगत नाही. १९८० च्या दशकात सोव्हिएत संघातील त्साजी ही संस्था आणि अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठ यांनी स्वतंत्रपणे पुढे आणलेला दाबसंवेदी रंग संपूर्ण पृष्ठभागच मोजमापाखाली आणतो.

या रंगात बहुधा प्लॅटिनम पॉर्फिरिन असते. रक्तातील हीम ज्या वलयाकार रेणूंच्या कुळातले, त्याच कुळातला हा रेणू असून त्याच्या मध्यभागी लोहाऐवजी प्लॅटिनम बसवलेले असते. जांभळा प्रकाश शोषून तो सुमारे ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो, मात्र त्याला कित्येक मायक्रोसेकंद लागतात. रेणूंच्या हिशेबात ही दिरंगाई फार मोठी, आणि तेवढ्या अवधीत ऑक्सिजनचा रेणू येऊन आदळला तर ऊर्जा त्याच्याकडे जाते व लाल प्रकाश निघतच नाही. हवेचा दाब वाढला की पृष्ठभागाशी ऑक्सिजन वाढतो आणि रंग मंदावतो. या मंदावण्याचे गणित स्टर्न आणि फोल्मर यांनी १९१९ मध्येच मांडले होते.

तरीही खरी कसोटी रेणूची नव्हे, तर त्याला धरून ठेवणाऱ्या पॉलिमरची असते. पॉलिमरमधून ऑक्सिजन सहज आरपार गेला नाही तर रंग आंधळा ठरतो. शिवाय तापमानाबरोबर ऑक्सिजनची ये-जा बदलत असल्याने पंख नुसता गार झाला तरी दाब बदलल्याचा भास होतो, आणि या क्षेत्रातील बरीच मेहनत हा भास कमी करण्यातच खर्ची पडली आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात विकसित झालेले फ्लोरिनयुक्त पॉलिमर त्यातूनच आले.

हेलिकॉप्टरच्या पात्यावर दाब क्षणाक्षणाला बदलतो, तेथे असा घट्ट थर मागे पडतो. म्हणून थोड्या पॉलिमरमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे पुष्कळ कण मिसळून सच्छिद्र संमिश्र थर देतात. त्यात एक मेख आहे: हेच कण अतिनील प्रकाशात रंगरेणूचा नाश घडवू शकतात. पाते फिरत असताना त्यावर लेझरचा एकच झोत टाकून लागोपाठ दोन छायाचित्रे घेतली जातात, आणि दुसऱ्यात लाल प्रकाश किती उरला यावरून त्या ठिकाणचा दाब काढला जातो.