सफरचंदाचा श्वास रोखला, तर?

मे महिना, आंब्याचा सीझन. तरी फळांच्या गाडीवर काश्मिरी सफरचंदं दिसतातच. काश्मीरमध्ये मुख्य तोडणी होते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मग इतके महिने ही टिकली कशी?

उत्तर आहे सीए स्टोअर, म्हणजेच कंट्रोल्ड अ‍ॅटमॉस्फिअर स्टोअर. पुलवामा जिल्ह्यातल्या लासीपोऱ्यात अशी अनेक स्टोअर्स आहेत. साध्या कोल्ड स्टोरेजमध्ये फक्त गारवा असतो, इथे हवासुद्धा बदलतात. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. सीलबंद खोलीत तो साधारण १ ते ३ टक्क्यांवर आणतात आणि कार्बन डायऑक्साइडवरही नजर ठेवतात.

हे कशासाठी? झाडावरून तोडलं तरी फळ जिवंत असतं. ते श्वास घेतं आणि आतली साखर जाळून 'एटीपी' नावाची ऊर्जा बनवतं. ऑक्सिजन कमी झाला की श्वसन मंदावतं, पिकणंही लांबतं.

मग ऑक्सिजन शून्यच का नाही?

गोम इथेच आहे. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी मिळतात. तो नसेल तर आंबवण सुरू होतं आणि मिळतात फक्त २! एवढ्याशा ऊर्जेत पेशींच्या पडद्यांची डागडुजी होत नाही. पडदे गळायला लागतात. एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारी फिनॉल्स आणि एन्झाइम्स एकमेकांत मिसळतात आणि गर तपकिरी पडतो. कापून ठेवलेली फोड काळी पडते ना, तेच; फक्त इथे सुरी न लावता, आतल्या आत. गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोचायला वेळ लागतो आणि तिथला कार्बन डायऑक्साइड लवकर बाहेर पडत नाही. म्हणून साल चकाचक, पण आत बिघाड!

हा घोळ शंभर वर्षं जुना आहे. ऑस्ट्रेलियातून ब्रिटनला जहाजाने येणारी सफरचंदं आतून तपकिरी निघायची. केंब्रिजच्या फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी १९२३ मध्ये या 'ब्राउन हार्ट'चं कारण मांडलं: जहाजाच्या तळाशी साठलेला कार्बन डायऑक्साइड. गंमत म्हणजे, हवा बदलून फळं टिकवायच्या आजच्या तंत्राचा पायाही याच जोडीने घातला.

आता उपायही हुशार झालेत. युरोपात 'कॉन्फरन्स' जातीच्या नाशपाती आधी साधारण तीन आठवडे फक्त थंड ठेवतात, ऑक्सिजन त्यानंतर उतरवतात. काही स्टोअर्समध्ये सालीतल्या हरितद्रव्याची चमक सेन्सर मोजतो. फळ गुदमरायला लागलं की ती बदलते आणि ऑक्सिजन लगेच थोडा वाढवला जातो.

पण सगळंच मशीनवर सोडून चालत नाही. उशिरा तोडलेल्या, जास्त पिकलेल्या फळांना हा त्रास अनेकदा जास्त होतो. बागायतदाराची वर्षाची कमाई त्या बंद खोलीत असते, आणि नुकसान कळतं ते फळ कापल्यावरच. म्हणून तोडणीचा दिवस ठरवतानाच निम्मी लढाई सुरू झालेली असते.