प्लेगच्या जंतूवर कोणते औषध चालते?

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला सावित्रीबाई फुले यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. तेव्हा प्लेगचा जंतू मारणारे औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ साली. आज वेळेवर उपचार मिळाले तर प्लेगचा बहुतेक रोगी बरा होतो.

पण औषध त्या जंतूवर चालले पाहिजे. १९९५ साली मादागास्कर बेटावर १६ वर्षांच्या एका मुलाला प्लेग झाला. त्याच्या अंगातील जंतूवर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही नेहमीची औषधे चालत नव्हती. दुसरी काही औषधे मात्र चालत होती. मुलगा वाचला. हा फरक कळला तो प्रयोगशाळेतील तपासणीमुळे.

ही तपासणी कशी होते?

गाठीतील द्रव, रक्त किंवा थुंकीतून जंतू वाढवतात. मग छोटे छोटे खळगे असलेल्या ताटलीत जंतूचे पातळ खाद्य आणि औषध घालतात. प्रत्येक पुढच्या खळग्यात औषध दुप्पट. सगळीकडे जंतू सारखेच सोडतात. २४ तासांनी पाहायचे, वाढ कमी असेल तर ४८ तासांनी. पाणी गढूळ म्हणजे जंतू वाढला. नितळ म्हणजे औषधाने त्याला रोखले. हा जंतू घातक, म्हणून काम खास सुरक्षित प्रयोगशाळेतच होते.

मग रिपोर्ट येईपर्यंत थांबायचे का? मुळीच नाही. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये एक दिवसाचा उशीरही जिवावर बेततो. डॉक्टर आधी नमुना घेतात आणि लगेच औषध सुरू करतात. रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर औषध बदलतात. रोग्याच्या सहवासातील माणसांना काय द्यायचे, हेही त्यावरून ठरते.

१९९४ साली सुरतमध्ये प्लेगची बातमी पसरताच टेट्रासायक्लिनसाठी मेडिकलवर झुंबड उडाली. भीती समजू शकते. पण मनाने घेतलेल्या चार गोळ्यांनी नमुन्यातील जंतू वाढत नाही आणि तपासणी फसते.

म्हणून एवढे करा. वस्तीत उंदीर मरून पडू लागले तर हात लावू नका, आरोग्य खात्याला कळवा. अचानक जोराचा ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. आधी कोणती गोळी घेतली असेल तर ती डॉक्टरांना न लपवता सांगा. सुरू केलेले औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण घ्या.