बारामती ते इंदापूर : 108 सेकंद

एखाद्या हौशी माणसाने किमती यांत्रिक घड्याळ समोर ठेवले आणि कानस, करवत व छोटा लेथ एवढ्यावर हुबेहूब तसेच दुसरे घडवायचे ठरवले, तर त्याची गाडी कुठे अडेल? केस घासून चकचकीत करणे, तबकडीवर आकडे काढणे, पोलादी काटे निळे होईपर्यंत तापवणे ही चिकाटीची कामे आहेत, सवडीने जमतात. दातेरी चाकेही, चारदोन बिघडवल्यावर, जमतात. पण अशी नक्कल दिसायला घड्याळ झाली तरी ती वेळ सांगेलच असे नाही.

तिची परीक्षा आपल्याला जवळच घेता येईल. बारामती सुमारे 74 अंश 35 मिनिटे पूर्व रेखांशावर आहे आणि इंदापूर 75 अंश 2 मिनिटांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटे लागतात. म्हणजे या 27 मिनिटे रेखांशासाठी लागतात 108 सेकंद, आणि इंदापूरचा मध्यान्ह बारामतीच्या आधी तेवढाच येतो. आज बारामतीच्या मध्यान्हाला घड्याळ बाराला लावले आणि उद्याचा मध्यान्ह इंदापुरात पाहिला, तर घड्याळात 11 वाजून 58 मिनिटे 12 सेकंद झालेले असायला हवेत. (सूर्याच्या मध्यान्हात रोज थोडा फरक पडतो, तो वेगळा हिशेबात घ्यावा.) तेच घड्याळ दिवसाला 108 सेकंद पुढे जाणारे असेल, तर त्याच्या मते इंदापूर बारामतीच्याच जागी आहे!

घड्याळातला ठोका बॅलन्स व्हील आणि हेअरस्प्रिंग यांच्या जोडीने पडतो. चाक एकदा इकडे, एकदा तिकडे झुलते. स्प्रिंग त्याला परत ओढते. स्प्रिंगच्या ताठपणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात आवर्तकाल बदलतो. ताठपणा मात्र पट्टीच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो, आणि हौशी कारागिराची कोंडी इथे होते. मनगटी घड्याळातली ही पट्टी साधारण 0.03 मिलिमीटर जाडीची असते. जाडीत एक टक्का चूक, म्हणजे माणसाच्या केसाच्या दोनशेव्या भागाइतकी, झाली तर ताठपणा तीन टक्क्यांनी आणि आवर्तकाल दीड टक्क्याने बदलतो. दिवसाच्या 86,400 सेकंदांचे दीड टक्के काढून पाहा: 1,296 सेकंद, म्हणजे एकवीस मिनिटांहून अधिक.

ही चूक सुधारता येते, हे खरे. स्प्रिंगची कामाची लांबी कमीजास्त केली की चाल जुळते. घड्याळजी खिटी सरकवतो तेव्हा तेच करतो. पण उन्हाळ्याचे काय? साध्या पोलादी स्प्रिंगचा ताठपणा उष्णतेने कमी होतो, आणि घड्याळ दर अंश सेल्सियसला दिवसाकाठी सुमारे 10 सेकंद मागे पडते. वैशाखात तापमान पंधरा अंशांनी चढले आणि दिवसभर तसेच राहिले, तर 150 सेकंद गेले. बारामती-इंदापूरचा सगळा फरक एका उन्हाने गिळला, आणि वर काही उरलेच!

हा प्रश्न ज्याने सोडवला तो घड्याळजीच्या दुकानात शिकलेला नव्हता. जॉन हॅरिसन (1693-1776) हा इंग्लंडमधला सुतार. त्याचे 1713 मधले पहिले घड्याळ बहुतांशी लाकडी होते. पितळ आणि पोलाद यांच्या जोडपट्ट्या तापल्यावर वाकतात, या गोष्टीचा उपयोग करून त्याने स्प्रिंगची लांबी आपोआप बदलणारी युक्ती काढली. 1759 मध्ये पुरे झालेले त्याचे चौथे सागरी घड्याळ 13 सेंटिमीटर व्यासाचे होते आणि सेकंदाला पाच ठोके देत होते. 1761-62 च्या जमैका सफरीत, त्याची रोजची ठरलेली पिछाडी वजा केल्यावर, 81 दिवसांत चूक निघाली सुमारे 5 सेकंदांची. ‘ठरलेली पिछाडी’ हे शब्द विद्यार्थ्यांकडून सुटू देऊ नयेत. रोज तेवढेच चुकणारे घड्याळ उत्तमच म्हणायचे.

पण ते एकट्या हॅरिसनचे कसब तर नव्हे? शंका रास्त होती. म्हणून लार्कम केंडाल या निष्णात घड्याळजीला हुबेहूब नक्कल करायला सांगितले. 1769 मध्ये ती पुरी झाली. मोबदला 450 पौंड, त्या काळी प्रचंड. कॅप्टन कुकने 1772-75 च्या सफरीत ती नेली आणि तिची तोंडभरून स्तुती केली. पुढे केंडालने खर्च कमी करण्यासाठी काही गुंतागुंतीचे भाग गाळून 200 पौंडांचे घड्याळ केले. ते आधीच्याइतके चांगले चालले नाही.

उष्णतेने ताठपणा जवळजवळ न बदलणारी मिश्रधातू शार्ल एदुआर गियोम यांनी पुढे शोधली. अशा मिश्रधातूंवरील कामासाठी त्यांना 1920 चे भौतिकीचे नोबेल मिळाले. आजच्या हौशी कारागिरानेही हेअरस्प्रिंग तयारच विकत घ्यावी, असे मला वाटते. त्यात कमीपणा नाही.

घड्याळ नसले तरी ते 108 सेकंद वर्गाला दाखवता येतात. बारामती आणि इंदापूर येथील दोन शाळांनी एकाच दिवशी मध्यान्ह मोजावा आणि वेळ मोबाइलवरून घ्यावी. वर्षाची सरासरी पाहिली तर तो बारामतीत सुमारे 12 वाजून 32 मिनिटांनी आणि इंदापुरात 12 वाजून 30 मिनिटांनी येतो. साध्या काठीच्या सावलीने मात्र काम भागत नाही. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे, म्हणजे स्वतःच दोन मिनिटांचे. सावलीची कड तितकीच धूसर पडते. काठीच्या टोकाला बारीक भोकाचा पुठ्ठा लावावा. जमिनीवर पडणाऱ्या प्रकाशठिपक्याचा मध्य सकाळी एका वर्तुळावर येतो आणि दुपारी पुन्हा त्याच वर्तुळावर. त्या दोन वेळांच्या मधली वेळ म्हणजे मध्यान्ह.