संगणकाने धाडलेली पत्रे का अडतात?



गैरहजेरीची सूचना, फीची पावती, निकालाची तारीख अशी पत्रे आता बऱ्याच संस्थांतून संगणक आपोआप ई-मेलने पाठवतो. हजेरी एका यादीत, फी दुसऱ्या यादीत आणि पालकांचे पत्ते तिसऱ्या यादीत असतात. त्या जुळवून ठरल्या वेळी काम उरकणारी सॉफ्टवेअर मिळतात. पेंटाहो आणि मायक्रोसॉफ्टचे एसएसआयएस ही त्यांतली दोन. कित्येकदा याद्या नीट जुळतात, पण पत्र निघताना ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो. मग मूल वर्गात नाही आणि घरी कुणाला त्याचा पत्ता नाही, असे होऊ शकते. म्हणून हा विषय आपण सर्वांनी समजून घ्यावा.

ई-मेल पोचवण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नव्हती. कुणीही कुणाच्याही नावाने पत्र धाडू शकत असे. ती सोय १९९९ मध्ये जोडली गेली. आज ही तपासणी साधारण तीन ठिकाणी अडवते.

पहिले ठिकाण ओळखीचे. ५३५ हा आकडा दिसला तर नाव किंवा पासवर्ड मान्य झालेला नाही. पासवर्ड बरोबर असूनही असे घडते. जीमेलने व्यक्तिगत खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या सॉफ्टवेअरला प्रवेश देणे बंद केले. तिथे दुहेरी पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो.

दुसरे ठिकाण सहीचे. मायक्रोसॉफ्टच्या मेल-व्यवस्थेत ५५० आणि पुढे ५.७.६० असे आले, तर ओळख पटली आहे, पण दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार नाही. कार्यालयाच्या खात्याने प्रवेश केला आणि प्रेषक म्हणून प्राचार्यांचा पत्ता घातला, की असे होते. दोन्हीकडे एकच पत्ता ठेवावा, नाहीतर व्यवस्थापकाकडून तेवढ्या एका पत्त्यापुरता ‘सेंड ॲज’ अधिकार घ्यावा.

तिसरे ठिकाण कपाटाचे. दिवसा स्वतः बटण दाबले तर पत्र जाते, रात्री आपोआप जात नाही. कारण दिवसा काम आपल्या खात्यावर चालते, रात्री वेगळ्या सेवा-खात्यावर. सोबत जोडायची फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे, ते उघडण्याची मुभा त्या खात्याला नसते. तेवढे फोल्डर वाचण्याची परवानगी दिली की काम होते.

शोध घेताना क्रम ठेवावा. आधी पूर्ण संदेश आणि आकडा लिहून घ्यावा. मग काही न जोडता एक साधे पत्र स्वतःलाच पाठवून पाहावे. ते गेले तर खरा प्रेषक घालावा, त्यानंतर फाईल जोडावी. एका वेळी एकच बदल करावा, आणि शेवटची चाचणी रात्रीच्या खात्यावरच घ्यावी.

घाईत सॉफ्टवेअरला व्यवस्थापकाचे सगळे अधिकार देऊन टाकण्याचा मोह होतो. त्रुटी बहुधा जाते, पण तो पासवर्ड बाहेर गेला तर मुलांचे गुण, पत्ते आणि फोन नंबर सगळेच उघडे पडतात. एका खोलीच्या कामासाठी आपण शिपायाला साऱ्या शाळेच्या किल्ल्या देत नाही. स्वयंचलित पत्रांसाठी वेगळे खाते असावे, आणि त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे याची नोंद असावी, हे विश्वस्तांनी जरूर विचारावे.

अडलेल्या पत्राची खबर त्याच ई-मेलने येणार नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यासाठी रोज सकाळी एका ठरलेल्या व्यक्तीने नोंदी पाहाव्यात, आणि गैरहजेरीचे पत्र अडले असेल तर त्या घरी लगेच फोन करावा.

– प्राचार्य