'द' कुठे लावायचा, कुठे नाही?

विरारच्या फलाटावर कुणी म्हणालं, 'आय मिस्ड अ ट्रेन', तर कुठलीशी एक गाडी चुकली. 'आय मिस्ड द ट्रेन' म्हणालं, तर गेली ती रोजची, ठरलेली लोकल. मराठीत असं उपपदच नसल्याने आपण 'द' अंदाजाने पेरतो.

गैरसमज : 'द' म्हणजे 'तो, ती, ते'.
वस्तुस्थिती : 'तो' बोट दाखवतो. 'द' एवढंच सांगतो, की कुठली वस्तू ते ऐकणाऱ्यालाही कळतंय. मराठीत हे काम कधी प्रत्यय करतो. 'पोलीस चोर शोधताहेत' यात चोर कुणीही असेल. 'पोलीस चोराला शोधताहेत' यात तो ठरलेला आहे. त्या 'ला'मधला ठरलेपणा म्हणजेच 'द'.

गैरसमज : पहिल्यांदा 'अ', दुसऱ्यांदा 'द'.
वस्तुस्थिती : 'आय बॉट अ फिश. द फिश वॉज फ्रेश.' इथे हे बसतं. पण विरारमध्ये नवखा पाहुणा पहिल्याच वाक्यात 'व्हेअर इज द स्टेशन?' विचारतो आणि ते बरोबर असतं. कुठलं स्टेशन, हे सांगावं लागत नाही.

गैरसमज : विशेषनामाला 'द' लागत नाही.
वस्तुस्थिती : वसई, विरार, अर्नाळा यांना नाही लागत. नद्या आणि समुद्रांना लागतो : द वैतरणा, दि उल्हास, दि अरेबियन सी. वसईचं इंग्रजी नाव 'बसीन', त्या नुसत्या नावाला नको. पण दुसऱ्या बाजीरावाने १८०२ मध्ये इंग्रजांशी केलेला वसईचा तह मात्र 'द ट्रीटी ऑफ बसीन'. 'ऑफ'ने जोडलेल्या अशा नावाआधी 'द' सहसा येतोच.

गैरसमज : 'चर्च', 'स्कूल' यांच्याआधी 'द' लावला काय, न लावला काय, सारखंच.
वस्तुस्थिती : 'शी वेंट टू चर्च' म्हणजे ती प्रार्थनेला गेली. 'द प्लंबर वेंट टू द चर्च' म्हणजे प्लंबर तिथल्या नळाच्या कामाला गेला.

गैरसमज : स्वराचं अक्षर दिसलं की 'दि' म्हणायचं.
वस्तुस्थिती : अक्षर नव्हे, उच्चार पाहा. 'अवर'चं स्पेलिंग 'एच'ने सुरू होतं, तरी 'दि अवर'. 'युनिव्हर्सिटी'चं 'यू'ने, तरी 'द युनिव्हर्सिटी'.

नावांचे संकेत पाठच करावे लागतात. बाकी ठिकाणी लिहिताना थांबून 'कुठला?' असं विचारा. वाचणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असेल, तर 'द' लावा.