तंजावरहून रेल्वेप्रवास, सोबतीला श्वान

उन्हाळ्याच्या सुटीत घरातील कुत्र्यालाही सोबत न्यावे, असे अनेक कुटुंबांना वाटते. तंजावरसारख्या उष्ण प्रदेशातून रेल्वेने निघताना मात्र नियम आणि हवामान या दोन्हींचा विचार करावा लागतो.

रेल्वेच्या नियमांनुसार प्रथम वर्गातील २ किंवा ४ शायिकांचा संपूर्ण कक्ष आरक्षित असल्यासच कुत्र्याला मालकासोबत राहता येते. शयनयान, वातानुकूलित टू टायर, थ्री टायर व चेअर कारमध्ये त्याला परवानगी नाही. या वर्गांतील प्रवाशांना पार्सल कार्यालयात नोंदणी करून कुत्र्याला सामानाच्या डब्यातील पेटीत ठेवता येते. तेथेही त्याच्या अन्नपाण्याची जबाबदारी मालकाचीच असते. लसीकरणाचे प्रमाणपत्र जवळ बाळगावे.

उन्हाळ्यात अशी बंदिस्त पेटी धोक्याची ठरू शकते. कुत्र्याला घाम मुख्यत्वे पंजांच्या तळव्यांतून आणि अत्यल्प येतो. शरीर थंड ठेवण्यासाठी तो धापा टाकतो. कोंदट जागेत हा उपाय अपुरा पडून उष्माघात होऊ शकतो. २००५ मध्ये टपाल तिकिटावर झळकलेला राजपालयम आखूड केसांमुळे ऊन तुलनेने सहन करतो. दाट केसांच्या विदेशी जातींना मात्र ते सोसत नाही.

खाऊ देतानाही सावध राहावे. थोडा दहीभात बहुतेक कुत्र्यांना मानवतो. कांदा घातलेले सांबार, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका त्यांच्यासाठी विषारी आहेत.

शक्यतो रात्रीची गाडी निवडावी. भर उन्हाळ्यात पेटीखेरीज पर्याय नसेल, तर कुत्र्याला परिचितांच्या घरी ठेवणेच हिताचे.